आडनाव एक, कुळे अनेक
लुप्त श्वापदांच्या वर्गीकरणाची कथा

नाशिक आणि त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यायांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्यांच्या नामावळीच्या वह्या असतात, हे नाशिककरांस नव्याने सांगावयास नको. परगावचा यात्रेकरू दाराशी आला म्हणजे उपाध्ये नुसते आडनाव विचारून थांबत नाहीत. मूळ गाव कोणते, आजोबांचे नाव काय, घरातले यापूर्वी कोण येऊन गेले, असे प्रश्न विचारून मगच ते नेमकी वही काढतात. आडनावावर भागत नाही याचे कारण उघड आहे. कुलकर्णी हे आडनाव गावचे दप्तर सांभाळण्याच्या कामावरून आले. पाटील हे गावच्या अधिकारावरून आले. ही कामे महाराष्ट्रातील हजारो गावी होती, म्हणून ही आडनावेही हजारो घरी लागली. सर्व कुलकर्ण्यांस एका मूळपुरुषाची लेकरे समजून कोणी वंशवृक्ष काढावयास बसला, तर तो कागद कितीही सुबक असो, खोटाच ठरेल. असे आडनाव काम सांगते. रक्ताचे नाते सांगतेच असे नाही.

लुप्त झालेल्या मांसभक्षक सस्तन प्राण्यांच्या बाबतीत प्राणिशास्त्राने नेमके हेच केले होते. काम एक, म्हणून कूळ एक, असे धरून त्याने अनेक परक्या घराण्यांना एकाच आडनावाखाली गोळा केले. ते आडनाव म्हणजे ‘क्रिओडॉन्टा’. ग्रीक भाषेतील ‘मांस’ आणि ‘दात’ या अर्थांच्या शब्दांवरून ते बनले आहे. मराठीत ‘मांसदंती’ म्हणता येईल. या एका नावाखाली कोण कोण जमले, त्यांतील कोण कसे बाहेर पडले आणि शेवटी घरात कोण उरले, ही कथा येथे सांगावयाची आहे. ती केवळ नावांची उलाढाल नव्हे. नात्याचा निवाडा चुकला की त्यावर रचलेला इतिहासही कसा चुकतो, हे तीत दिसते.

तरसाचे नातलग कोण?

आधी जिवंत प्राण्यांचे एक उदाहरण घेऊ. गंगापूर रोडच्या वस्तीत बिबट्या शिरल्याची बातमी आता कोणास नवलाची वाटत नाही. बिबट्या हा मांजराच्या कुलातला, हे लहान मूलही सांगेल. पण आपल्या माळरानांवर आणि डोंगरउतारांवर राहणारे तरस कोणाच्या नात्यातले? त्याचे तोंड कुत्र्यासारखे, पाय कुत्र्यासारखे, चाल काहीशी लंगडी. कोणीही त्यास लांडग्या-कोल्ह्यांच्या पंक्तीस बसवील. प्रत्यक्षात तरस हे मांजर आणि मुंगूस यांच्या बाजूचे आहे. कुत्र्याचे नाते त्याच्याशी दूरचे. कानामागील हाडांच्या पोकळीची रचना, तसेच रक्तामांसातील आनुवंशिक द्रव्याची तुलना, या दोन्ही साक्षी तसेच सांगतात. धावून व चालून अन्न मिळवण्याच्या सवयीने तरसाला कुत्र्याचे रूप दिले. कूळ मात्र बदलले नाही.

जिवंत प्राण्याविषयी जर अशी फसगत होते, तर कोट्यवधी वर्षांपूर्वी नाहीशा झालेल्या आणि केवळ जबड्याच्या तुकड्यावरून ओळखल्या जाणाऱ्या प्राण्यांविषयी ती किती होत असेल, याची कल्पना करावी. सुऱ्यासारखे लांब सुळे असलेल्या ‘तलवारदंती’ श्वापदांचेच पाहा. अमेरिकेतील स्मायलोडॉन हा खरोखर मांजराच्या कुलातला. निमराव्हिड म्हणून ओळखले जाणारे प्राणी हुबेहूब तसेच दिसत, पण ते मांजर नव्हते. दक्षिण अमेरिकेतील थायलॅकोस्मायलस तर कांगारूसारख्या पिशवीवाल्या प्राण्यांच्या बाजूचा होता. आणि ज्या मांसदंतींची ही कथा आहे, त्यांच्यातही मॅकेरॉइडिस नावाचा एक लहानसा तलवारदंती होऊन गेला. घराणी चार, हत्यार एक! निसर्गात गरज सारखी असली की अवजारही सारखे घडते. त्यास शास्त्रात समांतर किंवा अभिसारी उत्क्रांती म्हणतात.

अडकित्ता कोठे बसवला आहे?

प्राणी मेल्यावर मांस कुजते, हाडे फुटतात, पण दात टिकतात. कारण दातावरील लुकण हा शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ. म्हणून लुप्त सस्तन प्राण्यांचा इतिहास बव्हंशी दातांच्याच आधाराने लिहिला गेला आहे. हे त्याचे बळ आणि हीच त्याची दुबळी बाजू.

मांसभक्षकाच्या तोंडातील सर्वांत महत्त्वाचा दात सुळा, असे आपल्याला वाटते. सुळा भक्ष्य धरण्यास व मारण्यास उपयोगी. पण मारलेल्या जनावराचे कातडे आणि स्नायू कापून गिळण्याजोगे तुकडे करावयाचे, तर निराळे हत्यार लागते. ते म्हणजे वरच्या आणि खालच्या जबड्यातील धारदार दाढांची एक जोडी. तोंड मिटताना या दोन दाढा एकमेकींना घासून जातात आणि मधले मांस कापले जाते. रचना आपल्या पानसुपारीच्या अडकित्त्यासारखी. अडकित्त्यात आपण सुपारी टोकाशी धरत नाही, खिळ्याच्या जवळ धरतो. तेथे जोर अधिक मिळतो. जबड्याचा खिळा कानाजवळ असतो, म्हणून ही कातरदाढही पुढे नसते, तोंडाच्या मागल्या भागात असते. घरचे मांजर चिवट तुकडा खाताना मान वाकडी करून तोंडाच्या कडेने का चावते, याचा उलगडा यात आहे.

आता मुख्य मुद्दा. कुत्रा, मांजर, अस्वल, मुंगूस, तरस हे सर्व ज्या गणात येतात त्या मांसाहारी गणात (याचे शास्त्रीय नाव कार्निव्होरा) ही कातरजोडी ठरलेल्या दातांची बनलेली असते: वरची चौथी उपदाढ आणि खालची पहिली दाढ. अस्वलासारख्या काहींत तिची धार पुढे बोथट झाली, पण जागा बदलली नाही. उलट मांसदंतींपैकी ऑक्सिएनिड नावाच्या कुलात ती वरची पहिली आणि खालची दुसरी दाढ अशी असते. हायेनोडॉन्ट कुलात मुख्य जोडी आणखी मागे, वरची दुसरी व खालची तिसरी दाढ अशी असते. दोन घरांत विळी आहे, पण एका घरी ती चुलीपाशी मांडली आहे आणि दुसऱ्या घरी परसदाराशी. भाजी दोन्हीकडे चिरली जाते. परंतु दोन्ही संसार एका हाताने मांडलेले नाहीत, हे जाणत्याच्या तेव्हाच ध्यानात येते.

या जागेचा परिणामही मोठा होता. कुत्र्या-अस्वलांच्या गणात कातरदाढेच्या मागे आणखी दाढा शिल्लक राहिल्या. त्यांचा उपयोग हाड फोडण्यास, फळे-मुळे चिरडण्यास करता आला. म्हणून त्या गणात मध चाटणारे अस्वल आहे, बांबू खाणारा पांडा आहे आणि निव्वळ मांसावर जगणारी मांजरेही आहेत. हायेनोडॉन्टांनी कातरदाढ अगदी शेवटी नेली. तिच्या मागे चिरडण्यास दाढ उरलीच नाही. मांसाखेरीज दुसरा उद्योग त्यांना अवघड झाला, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे.

एका नावाखाली पाच घराणी

हायेनोडॉन हे नाव प्रथम १८३८ मध्ये फ्रान्समध्ये सापडलेल्या एका जबड्यास देण्यात आले. नावाचा अर्थ ‘तरसाचे दात असलेला’. पण त्याचा तरसाशी काहीही संबंध नाही. नामकरणापासूनच फसगतीस आरंभ झाला असे म्हणावयास हरकत नाही. कापणाऱ्या दाढा एकाहून अधिक, ही गोष्ट युरोपातील पंडितांना चमत्कारिक वाटली. तशा दाढा टास्मानियातील थायलॅसिन या पिशवीवाल्या ‘लांडग्या’च्या तोंडात होत्या. (या जातीचा शेवटचा ज्ञात प्राणी १९३६ मध्ये होबार्टच्या प्राणिसंग्रहालयात मेला.) त्यामुळे हायेनोडॉनचेही नाते पिशवीवाल्यांशी असावे, असा तर्क काहींनी केला. पुढे दुधाचे दात पडून पक्के दात येण्याचा क्रम तपासला गेला आणि तो तर्क मागे पडला.

अमेरिकेत एडवर्ड ड्रिंकर कोप हे विलक्षण उरकाचे संशोधक होते. पश्चिमेकडील खडकांतून त्या काळी पेट्यांच्या पेट्या भरून हाडे येत होती. १८७५ मध्ये कोप यांनी त्यांतील प्राचीन मांसभक्षकांसाठी ‘क्रिओडॉन्टा’ हे नाव योजले. कल्पना अशी की, आजच्या मांसाहारी गणाच्या आधीचा, साध्या मेंदूचा व ओबडधोबड बांध्याचा हा समूह. पुढे जो जो प्राचीन मांसभक्षक सापडला आणि कोठे बसेना, तो तो या नावाखाली जमा होऊ लागला. प्रत्येक घरात असा एक खण असतो, ज्यात किल्ल्या, सुतळ्या, मोडके चष्मे आणि जुनी पोस्टकार्डे एकत्र नांदतात. त्या वस्तूंत साम्य एवढेच, की त्यांना दुसरी जागा नसते!

विसाव्या शतकाच्या आरंभी या खणात पाच प्रमुख घराणी होती. ऑक्सिएनिड आणि हायेनोडॉन्ट ही दोन वर आलीच आहेत. तिसरे मायासिड: मुंगसाएवढे, झाडावर चढणारे प्राणी. चौथे आर्क्टोसायोनिड: अस्वलासारख्या बोथट दाढांचे. पाचवे मेसोनिकिड: लांडग्याच्या अंगकाठीचे, पण पायांच्या बोटांस नखांऐवजी लहान खुरांसारखे शेवट असलेले. खूर असलेला लांडगा, हे वर्णनच मुळी संशय उत्पन्न करणारे होते.

१९०९ मध्ये विल्यम डिलर मॅथ्यू यांनी या पसाऱ्याचे तीन भाग केले. ज्यांची कातरदाढ आजच्या गणासारखी ते एकीकडे, ज्यांची मागल्या दाढांत ते दुसरीकडे, आणि ज्यांना खरी कातरदाढच नाही ते तिसरीकडे. खणात तीन कप्पे झाले, पण खण तोच राहिला. १९४५ मध्ये जॉर्ज गेलॉर्ड सिम्पसन यांनी सस्तन प्राण्यांचे जे प्रसिद्ध वर्गीकरण केले, त्यात क्रिओडॉन्टा हा मांसाहारी गणाचाच एक उपगण म्हणून नांदत होता. मायासिडांना मात्र त्यांनी बाहेर काढले होते. कारण त्यांची कातरजोडी अगदी कुत्र्या-मांजरांच्या जागी होती. ते पूर्वजांच्या ओळीत जाऊन बसले. पहिले घर असे सुटले.

लांडगा नव्हे

मेसोनिकिडांची गोष्ट अधिक रंजक आहे. १९६६ मध्ये ली व्हॅन व्हेलन यांनी त्यांना आणि आर्क्टोसायोनिडांना मांसदंतींच्या समूहातून काढून प्राचीन खूरधारी प्राण्यांकडे नेले. त्याच वेळी त्यांनी एक धाडसी विधान केले: समुद्रातील देवमासा याच मेसोनिकिडांपासून निघाला असावा. आधार पुन्हा दातांचाच होता. जुन्यात जुन्या देवमाशांच्या त्रिकोणी दाढा मेसोनिकिडांच्या दाढांशी मिळत्याजुळत्या होत्या. हे मत सुमारे तीस वर्षे पाठ्यपुस्तकांत मान्य होते.

नंतर आनुवंशिक द्रव्याच्या अभ्यासातून निराळीच साक्ष येऊ लागली: देवमाशाचा सर्वांत जवळचा जिवंत नातलग पाणघोडा, म्हणजे गाय-हरिण-डुकरांच्या समखुरी गणातला. दात एक सांगतात आणि रक्त दुसरे सांगते, तेव्हा खरे कोणाचे? निकाल लावला तो घोट्याच्या एका हाडाने. समखुरी प्राण्यांच्या घोट्यातील एका हाडास दोन्ही टोकांना विहिरीच्या कप्पीसारखी खाच असते. अशी दुहेरी कप्पी अन्य कोणत्याही गणात नाही. २००१ मध्ये पाकिस्तानात सापडलेल्या, पाय असलेल्या आदिदेवमाशांची घोट्याची हाडे प्रसिद्ध झाली. त्यांत ती दुहेरी कप्पी स्पष्ट होती. मेसोनिकिडांत ती नाही. २००७ मध्ये जम्मू-काश्मीरमधील कालाकोटच्या परिसरातील इंडोहायस या लहानशा समखुरी प्राण्याचे वर्णन झाले आणि देवमाशाच्या आजोळाचा पत्ता अधिक पक्का झाला. भूवैज्ञानिक अ. रंगा राव यांनी पूर्वी गोळा करून ठेवलेल्या दगडांतून ही हाडे निघाली, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

म्हणजे मेसोनिकिडांची दोनदा चुकीची ओळख झाली. प्रथम त्यांना मांसाहाऱ्यांचे भाऊ मानले, नंतर देवमाशांचे वडील. दोन्ही वेळा जामीन राहिले ते दातच. मांस किंवा मासा कापण्याचे काम सारखे, म्हणून दात सारखे. यापलीकडे त्या साम्यात काही नव्हते.

उरलेली दोन घरे

अशा रीतीने १९६६ नंतर क्रिओडॉन्टा या नावाखाली मुख्यतः दोनच कुले उरली: ऑक्सिएनिड आणि हायेनोडॉन्ट. आता तरी घर एकजिनसी झाले, असे वाटले. परंतु पुढच्या पिढीने विचारले, या दोघांत तरी समान काय आहे? दोघांचीही कातरदाढ मागे आहे, हे खरे. पण एकाची एका जागी, दुसऱ्याची दुसऱ्या जागी. ‘आजच्या गणासारखे नाही’ हे काही नात्याचे लक्षण नव्हे. दोन माणसे पुण्याची नाहीत, एवढ्यावरून ती एका गावची ठरत नाहीत. आजच्या मांसाहारी प्राण्यांत मनगटातील दोन लहान हाडे जुळून एक झालेली असतात, मांसदंतींत ती सुटी राहतात, असाही एक भेद सांगतात. पण सुटी असणे ही मूळची, सर्वांकडे पूर्वीपासून असलेली स्थिती. वडिलोपार्जित वस्तू जपून ठेवली, यावरून दोन चुलत घरे सख्खी होत नाहीत. नवीन घडलेले आणि फक्त त्या दोघांतच असलेले असे लक्षण हवे. ते निश्चितपणे दाखवता आले नाही.

म्हणून अलीकडचे बरेच संशोधक क्रिओडॉन्टा हे नाव बाजूस ठेवून हायेनोडॉन्टा आणि ऑक्सिएनोडॉन्टा असे दोन स्वतंत्र गण मानतात. दोघांचे मूळ एकच असावे, असे मानणारेही आहेत. वाद मिटलेला नाही. पण वादाचा प्रश्न आता नेमका झाला आहे, ही मोठी प्रगती होय.

आपल्या बाजूची साक्ष

या प्राण्यांचा आपल्या भागाशी काय संबंध, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. गंगापूर रोडने सोमेश्वरला गेले असता नदीच्या पात्रात जो काळा पाषाण दिसतो, ज्यात पांडवलेणी कोरली आहेत, तो सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. मांसदंतींचा काळ त्यानंतरचा. त्या काळात आपले पठार उंच राहून झिजत होते; गाळ साठून हाडे जपली जावीत अशी जागा येथे नव्हती. गोदावरीच्या काठी जो गाळ आहे तो अगदी अलीकडचा, हिमयुगाच्या काळातला. गंगापूरजवळ गंगावाडी येथे डॉ. हसमुख सांकळिया यांना याच गाळाच्या थरांत पुराश्मयुगीन माणसाची दगडी हत्यारे मिळाली. १९५२ मध्ये त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. निफाड तालुक्यात नांदूर मध्यमेश्वर येथे याच गाळात प्रचंड हत्तीचे अवशेष सापडले. त्यांचे वर्णन भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील गाय पिलग्रिम यांनी १९०५ मध्ये केले.

याच पिलग्रिम यांनी पाच वर्षांनंतर, १९१० मध्ये, शिवालिक थरांतील एका मांसदंती प्राण्यास डिसॉप्सालिस कार्निफेक्स असे नाव दिले. ‘कार्निफेक्स’ म्हणजे लॅटिन भाषेत फाशी देणारा, मारेकरी. त्याचे अवशेष आज पाकिस्तानात असलेल्या पंजाबातील चिंजी परिसरातून आले. १९३३ मध्ये एडविन कोलबर्ट यांनी त्याच्या कवटीचे वर्णन प्रसिद्ध केले. या प्राण्याचे महत्त्व असे, की हायेनोडॉन्टांचा हा अगदी शेवटचा वारस. बाकी जगात त्याचे भाऊबंद नाहीसे झाल्यावरही तो आपल्या उपखंडात सुमारे एक कोटी वर्षांपूर्वीपर्यंत टिकून होता. त्याच प्रजातीचे अवशेष केनियातही मिळाले आहेत. आफ्रिका आणि भारत यांच्यामधील जुन्या रहदारीची ती खूण आहे.

शेवटचा वारस जसा आपल्या उपखंडात, तसाच एक फार जुना पूर्वजही आपल्या शेजारी निघाला आहे. नाशिकहून सापुताऱ्याचा घाट उतरून गेले की सुरत जिल्हा फार दूर राहत नाही. तेथील वस्तान या लिग्नाइट कोळशाच्या खाणीत, आपल्याच काळ्या पाषाणानंतर साठलेल्या थरांत, सुमारे साडेपाच कोटी वर्षांपूर्वीच्या सस्तन प्राण्यांची हाडे मिळाली. त्यांतील एका हायेनोडॉन्टास २००९ मध्ये इंडोहायेनोडॉन राओई हे नाव देण्यात आले. २०१५ मध्ये त्याचा वरचा जबडा आणि हातापायांची हाडे प्रसिद्ध झाली. झाडावर चढण्यास आणि जमिनीवर वावरण्यास, दोन्हीस योग्य असा त्याचा बांधा होता. भारताचा भूखंड आशियास भिडण्याच्या सुमाराचा हा प्राणी. हायेनोडॉन्टांचे मूळ घर आशियात की आफ्रिकेत, हा प्रश्न अजून खुला आहे. आफ्रिकेच्या बाजूने मोरोक्कोतील याहून जुने दात पुढे केले जातात. वस्तानची हाडे या खटल्यातील एक महत्त्वाचा साक्षीदार आहेत.

निवाडा बदलला की इतिहास बदलतो

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. नावे बदलल्याने मेलेल्या प्राण्यांस काय फरक पडतो? त्यांस काहीच नाही. पण आपण त्यांची जी गोष्ट सांगतो तिच्यात फार पडतो. क्रिओडॉन्टा हा आजच्या मांसाहारी गणाचा जुना उपगण आहे असे धरले, तेव्हा त्या सर्व प्राण्यांकडे कच्चा खर्डा म्हणून पाहिले गेले. मेंदू लहान, पाय जड, अक्कल बेताची. अखेर हुशार वारस आले आणि हे मागे पडले, अशी ती गोष्ट. परंतु ही दोन कुले निराळीच ठरली म्हणजे ते खर्डे राहत नाहीत. हायेनोडॉन्टांनी चार कोटींहून अधिक वर्षे आफ्रिका, युरोप, आशिया आणि उत्तर अमेरिका या चार खंडांत शिकार केली. कोणी खोकडाएवढे होते, कोणी सिंहाहून मोठे. आपली मानवाची प्रजाती तीस लाख वर्षांचीही नाही. इतका दीर्घ संसार केलेल्या घराण्यास नापास म्हणणे शोभत नाही. ते का संपले, याविषयीही एकमत नाही. कुत्र्या-मांजरांच्या गणाने त्यांस हटवले, की हवामान व भक्ष्य बदलल्यामुळे ते उणावले, हे दोन्ही पक्ष आज मांडले जातात.

चुकीची चिठ्ठी लागल्याने काय होते, याचा एक अलीकडचा दाखला केनियातला. नैरोबीच्या संग्रहालयात एका प्रचंड जबड्याचे तुकडे कित्येक वर्षे एका खणात पडून होते. २०१९ मध्ये मॅथ्यू बोर्थ्स आणि नॅन्सी स्टीव्हन्स यांनी ते ओळखले. तो सव्वादोन कोटी वर्षांपूर्वीचा, सिंहाहून मोठा असा हायेनोडॉन्ट निघाला. त्यांनी त्याचे नाव सिम्बाकुब्वा ठेवले; स्वाहिली भाषेत ‘मोठा सिंह’. सिंहाशी नाते नाही, हे ठाऊक असून दिलेले हे नाव आहे. नाव काहीही असो, नाते कोठे लिहिले आहे हे कळले म्हणजे झाले.

या कथेचा शेवटचा पुरावा कोकणातल्या आणि सह्याद्रीतल्या एका गरीब प्राण्याकडे आहे. आपण त्यास खवले मांजर म्हणतो. ते मांजर नव्हे; अंगावर खवले, खाणे मुंग्या-वाळवी, आणि तोंडात एकही दात नाही. आनुवंशिक द्रव्याच्या तुलनेत मात्र असे दिसून आले, की कुत्रा, मांजर, अस्वल यांच्या गणास आज जिवंत असलेल्या सर्व प्राण्यांत सर्वांत जवळचा गण हा खवले मांजरांचाच आहे. हायेनोडॉन्ट आणि ऑक्सिएनिड यांचीही जागा बहुतेक संशोधक याच मोठ्या फांदीच्या आसपास दाखवतात. त्यांच्या नखांखालील हाडांस जशी टोकाशी चीर असे, तशी ती खवले मांजराच्या नखांखालील हाडांसही असते. ज्या गणाची ओळख दातांवरून ठरवण्यात एक शतक गेले, त्याचा सर्वांत जवळचा जिवंत शेजारी बोळका निघावा, यात निसर्गाने पंडितांची थट्टाच केली म्हणावयाची!

तात्पर्य एवढेच, की एकाच साक्षीदारावर निकाल देऊ नये. दात खोटे बोलत नाहीत. प्राणी काय खात होता, हे ते अचूक सांगतात. चूक होते ती त्यांना न विचारता येण्याजोगा प्रश्न विचारण्यात. कामावरून कूळ ठरवण्याची ही सवय माणसांच्या व्यवहारातही फार जुनी आहे, आणि तिची किंमत आपल्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या मोजली आहे. प्राण्यांच्या बाबतीत ती सवय सोडावयास शास्त्राला दीड शतक लागले. ती सुटली ती कोणा एका प्रतिभावंतामुळे नव्हे. घोट्याचे हाड, कानाची पोकळी, मनगट, नख आणि रक्त अशा सामान्य साक्षीदारांना एकेक करून बोलावून, त्यांचे म्हणणे शांतपणे ऐकून घेतल्यामुळे सुटली. ऑक्सिएनिड आणि हायेनोडॉन्ट ही दोन घरे एका वाड्यातली की नाहीत, हे सांगणारे हाड अजून मिळावयाचे आहे. ते एखाद्या खाणीच्या भिंतीत असेल, किंवा एखाद्या संग्रहालयाच्या खणात चुकीची चिठ्ठी लावून पडलेले असेल.